फ्लॅशच्या जुन्या फाइलींतले रनटाइम एरर कसे शोधायचे

ॲडोबीने फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधला प्लेयर फाइली चालवायलाच नकार देऊ लागला. पण एसडब्ल्यूएफ फाइली, म्हणजे फ्लॅशच्या चालवायला तयार फाइली, अजून हजारोंनी शिल्लक आहेत. विज्ञानाच्या प्रयोगांची ॲनिमेशनं आणि मुलांचे खेळ त्यांत अडकलेले आहेत. ते जपायचे असतील तर कोणालातरी आत डोकवावं लागतं, आणि पहिल्यांदा डोकावणाऱ्याची गाठ बहुतेक वेळा एरर १००९ शी, म्हणजे नसलेल्या ऑब्जेक्टला हात लावल्याच्या एररशी पडते. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. थोडी ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा) कळते, वर्तुळ काढता येतं, मूव्हीक्लिप हलवता येते, पण एरर आला की नेमकं कुठे बघायचं ते समजत नाही, अशांसाठी.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायची.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. पडद्यावरच्या ऑब्जेक्टबद्दलचे बहुतेक रनटाइम एरर, म्हणजे फाइल चालताना येणारे एरर, गणिताचे किंवा टायपिंगचे नसतात. ज्या क्षणी तुमची ओळ चालली त्या क्षणी ते ऑब्जेक्ट तिथे नव्हतं, किंवा होतं पण दुसऱ्या पॅरेंटखाली (ज्याच्या आत ते ठेवलेलं असतं त्या ऑब्जेक्टखाली) होतं, एवढंच बहुधा घडलेलं असतं. म्हणून एरर आला की ‘काय चुकलं’ याआधी ‘या क्षणी हे ऑब्जेक्ट कुठे आहे’ हे विचारायचं.

पायरी १ : एरर दिसेल अशी सोय करा

साधा प्लेयर एरर गिळून टाकतो. चित्र थांबतं, बटण दाबलं जात नाही, पण का ते कळत नाही. एररची खिडकी फक्त डीबगर आवृत्तीत उघडते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डीबगर असलेला स्वतंत्र प्लेयर, म्हणजे ज्याला प्रोजेक्टर म्हणतात तो, हाताशी ठेवा. ॲडोबी ॲनिमेट असेल तर त्यातल्या ‘टेस्ट मूव्ही’मध्येही एरर आउटपुट खिडकीत दिसतात. ब्राउझरमध्ये घालायला म्हणून जुना फ्लॅश प्लगइन कुठल्या तरी अनोळखी साइटवरून मात्र उतरवून घेऊ नका. सुरक्षेच्या सुधारणा थांबलेलं सॉफ्टवेअर इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं आहे, आणि अशा फाइलींत व्हायरस घालून देणारेही आहेत.

डीबगर प्लेयरला नोंदी फाइलीत लिहायला सांगता येतं. तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ‘एमएम.सीएफजी’ नावाची साधी टेक्स्ट फाइल करायची आणि तिच्यात दोन ओळी टाकायच्या: ‘एरररिपोर्टिंगएनेबल’ = १ आणि ‘ट्रेसआउटपुटफाइलएनेबल’ = १. मग एरर आणि तुमच्या ‘ट्रेस’ ओळी (कोडमधून तपासणीसाठी छापलेल्या) ‘फ्लॅशलॉग’ या फाइलीत साठू लागतात. विंडोजवर ती ॲपडेटा, रोमिंग, मॅक्रोमीडिया, फ्लॅश प्लेयर, लॉग्ज या वाटेने सापडते.

सोर्स फाइल तुमच्याकडे असेल तर पब्लिश करताना ‘परमिट डीबगिंग’वर खूण करा. त्याशिवाय एररमध्ये फंक्शनचं नाव येतं पण ओळीचा क्रमांक येत नाही, आणि दोनशे ओळींच्या फंक्शनमध्ये तो क्रमांक नसेल तर शोधत बसावं लागतं.

रफल वापरत असाल तर एफ१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल उघडा. रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत इम्युलेटर आहे आणि ब्राउझरमध्ये तो वेबअसेम्ब्लीवर चालतो. ट्रेसच्या ओळी दिसत नसतील तर त्याच्या सेटिंगमधली लॉगची पातळी वाढवावी लागते. एचटीएमएल पान डबल क्लिक करून थेट डिस्कवरून उघडलं तर मात्र रफल आपल्या फाइली वाचू शकत नाही. पायथॉनमधला छोटा लोकल सर्व्हर चालू करा आणि पान त्याच्या पत्त्यावरून उघडा.

पायरी २ : दोष फाइलीचा की प्लेयरचा, हे आधी ठरवा

ही पायरी नवशिके हटकून गाळतात आणि मग ठीक असलेल्या कोडमध्ये दिवसभर चूक शोधतात. रफलमध्ये ॲक्शनस्क्रिप्ट ३ चं काम अजून पूर्ण झालेलं नाही. त्यामुळे तीच एसडब्ल्यूएफ प्रोजेक्टरमध्ये चालवून बघा. तिथे व्यवस्थित चालली आणि रफलमध्ये अडली, तर दोष बहुधा तुमचा नाही. दोन्हीकडे एकच एरर आला, तर फाइलीत शिरायचं.

फाइल कोणत्या ॲक्शनस्क्रिप्टची आहे हेही बघून घ्या. जेपीईएक्स हा मोफत डीकंपायलर फाइल उघडून ते दाखवतो. ॲक्शनस्क्रिप्ट ३ आणि तिचं नवं व्हर्च्युअल मशीन २००६ मध्ये फ्लॅश प्लेयर ९ बरोबर आलं. त्याआधीच्या ॲक्शनस्क्रिप्ट २ मध्ये नसलेल्या ऑब्जेक्टला हात लावला तरी प्लेयर गप्प बसून पुढे जायचा. ॲक्शनस्क्रिप्ट ३ तसं खपवून घेत नाही. म्हणूनच जुना कोड नव्या भाषेत आणला की वर्षानुवर्षं दडलेल्या चुका एकदम वर येतात. पुढचं सगळं ॲक्शनस्क्रिप्ट ३ बद्दल आहे.

पायरी ३ : एरर वरून खाली वाचा

एररच्या पहिल्या ओळीत प्रकार आणि क्रमांक असतो. त्याखाली कोणतं फंक्शन कुणी बोलावलं याची यादी असते. सर्वांत वरचं फंक्शन म्हणजे जिथे गाडं अडलं ते, त्याखालचं म्हणजे त्याला बोलावणारं. ‘मेनटाइमलाइन’ आणि ‘फ्रेम१’ असं लिहिलेलं असेल तर अडचण मुख्य टाइमलाइनच्या पहिल्या फ्रेमवरच्या स्क्रिप्टमध्ये आहे. यादीत प्लेयरच्या स्वतःच्या क्लासची नावं वर आली तर ती ओलांडून आपलं पहिलं फंक्शन गाठा.

एक परिणाम लक्षात ठेवा. एरर आला की त्या फंक्शनचा उरलेला भाग चालत नाही. फ्रेमच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्टॉप’ ही ओळ सर्वांत शेवटी असेल आणि वर कुठेतरी एरर आला, तर स्टॉप होतच नाही आणि सगळ्या फ्रेम एकामागून एक भराभर चमकत राहतात. पडदा असा लुकलुकू लागला की टाइमलाइनमध्ये काही करू नका, आधी एरर बघा. मी तर ‘स्टॉप’ नेहमी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहायला सांगतो.

डीबगरच्या खिडकीत ‘डिसमिस ऑल’ आणि ‘कंटिन्यू’ अशी दोन बटणं असतात. शोध चालू असताना पहिलं दाबू नका. पुढचे एरर दिसणं बंद होतं. आणि दहा एरर आले तरी पहिला आलेलाच आधी सोडवायचा, बाकीचे पुष्कळदा त्याच्याच पोटातून आलेले असतात.

पायरी ४ : एरर १००९

याचा अर्थ, जे ऑब्जेक्ट नल, म्हणजे रिकामं, आहे त्याची प्रॉपर्टी किंवा मेथड तुम्ही मागितली. अडचण अशी की एका ओळीत टिंबांनी जोडलेली चार नावं असतील तर त्यांतलं नल कोणतं ते प्लेयर सांगत नाही. उपाय साधा आहे. त्या ओळीच्या वर प्रत्येक नाव वेगवेगळं ट्रेस करा: आधी पहिलं, मग पहिलं टिंब दुसरं, असं पुढे. जिथे पहिल्यांदा ‘नल’ छापलं गेलं तिथे थांबा.

मग ते नल का आहे, हा खरा प्रश्न. कारणं मोजकीच आहेत, पण प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ‘स्टेज’. कोणत्याही डिस्प्ले ऑब्जेक्टची स्टेज ही प्रॉपर्टी ते डिस्प्ले लिस्टवर (पडद्यावर दाखवायच्या ऑब्जेक्टच्या यादीत) येईपर्यंत नल असते. तुम्ही क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये स्टेजची रुंदी विचारली, पण ऑब्जेक्ट तेव्हा नुकतं तयार होत होतं, ‘ॲडचाइल्ड’ पुढच्या ओळीत होणार होतं. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त ‘ॲडेडटूस्टेज’ या इव्हेंटला लिसनर (इव्हेंट घडला की चालणारं फंक्शन) लावा आणि स्टेजशी संबंधित सगळं काम त्या लिसनरमध्ये हलवा. मुख्य फाइलीच्या डॉक्युमेंट क्लासला सुरुवातीपासून स्टेज मिळते, म्हणून तिथे ही चूक दडून राहते. तीच एसडब्ल्यूएफ दुसऱ्या फाइलीने लोडरमधून उचलली की कन्स्ट्रक्टरमध्ये स्टेज नल. एकटी चालते आणि मेनूतून उघडली की मरते अशी फाइल आली, तर आधी हेच तपासा.

दुसरं कारण टाइमलाइनचं. पाचव्या फ्रेमवर ठेवलेलं बटण पहिल्या फ्रेमच्या स्क्रिप्टमध्ये अस्तित्वातच नसतं. ‘गोटूअँडस्टॉप’ने पाचव्या फ्रेमवर उडी मारून लगेच पुढच्या ओळीत त्या बटणाला हात लावला तरी ते तयार झालेलं असेलच याची खात्री नाही. त्या बटणाचा कोड पाचव्या फ्रेमवरच लिहा. ते जमण्यासारखं नसेल तर फ्लॅश प्लेयर १० पासून मिळणाऱ्या ‘फ्रेमकन्स्ट्रक्टेड’ इव्हेंटची वाट बघा.

तिसरं फारच फसवं आहे. एकाच लेयरवर दोन कीफ्रेम आहेत, दोन्हींत तीच मूव्हीक्लिप दिसते, पण दुसऱ्या कीफ्रेमवर इन्स्टन्स नेम लिहायचं राहिलंय किंवा एखादं अक्षर वेगळं पडलंय. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, कोडला मात्र ती क्लिप सापडत नाही. प्रत्येक कीफ्रेमवर क्लिप निवडून प्रॉपर्टीज खिडकीत नाव बघणं याला पर्याय नाही. ‘गेटचाइल्डबायनेम’चंही असंच आहे. नाव जुळलं नाही तर तो तक्रार करत नाही, नल परत देतो, आणि एरर पुढच्या ओळीत फुटतो.

चौथं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे मागे राहिलेला लिसनर. एखाद्या फुग्याला ‘एंटरफ्रेम’चा लिसनर लावला, फुगा फुटल्यावर त्याला ‘रिमूव्हचाइल्ड’ने काढलं. पडद्यावरून फुगा गेला, पण एंटरफ्रेम हा इव्हेंट डिस्प्ले लिस्टवर नसलेल्या ऑब्जेक्टलाही पोचतो. त्यामुळे लिसनर चालूच राहतो, त्यात स्टेज किंवा पॅरेंट मागितला की ते नल, आणि फाइल २४ फ्रेमची असेल तर सेकंदाला २४ वेळा तोच एरर. एकच एरर धबधब्यासारखा कोसळू लागला की शंभरात नव्वद वेळा हेच असतं. ऑब्जेक्ट काढण्यापूर्वी त्याचे लिसनर काढा. त्यासाठी प्रत्येक क्लासमध्ये ‘साफ कर’ अशा अर्थाचं एक फंक्शन ठेवा आणि लिसनर लावताना त्याच बैठकीत ते काढणारी ओळ या फंक्शनमध्ये लिहून टाका. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

१०१० हा १००९ चा भाऊ. तिथे नल नाही तर ‘अनडिफाइंड’ असतं. बहुधा ॲरेमध्ये नसलेल्या क्रमांकावरचं ऑब्जेक्ट मागितलेलं असतं. लूप शेवटच्या घराच्या एक पाऊल पुढे जातोय का ते बघा.

एक विनंती. ‘नल नसेल तरच पुढे जा’ असा इफ लावून एरर बंद करू नका. ऑब्जेक्ट कधीकधी नसणं हे तुमच्या रचनेत बसत असेल तरच तो इफ योग्य. नाहीतर एरर जातो आणि ॲनिमेशन अर्धवट चालणारं राहतं, ते पुढच्या माणसाला शोधायला आणखी अवघड.

पायरी ५ : पॅरेंट आणि चाइल्डचे एरर

२०२५ म्हणतो, जे ऑब्जेक्ट काढायला सांगताय ते माझं चाइल्डच नाही. यामागे ॲडचाइल्डची एक सवय आहे. ऑब्जेक्टला एका वेळी एकच पॅरेंट असतो. तुम्ही आधी मुख्य टाइमलाइनवर ठेवलेली क्लिप नंतर एखाद्या स्प्राइटमध्ये (टाइमलाइन नसलेल्या मूव्हीक्लिपमध्ये) ॲडचाइल्डने घातली, तर ती जुन्या पॅरेंटकडून गुपचूप निघून नव्याकडे जाते. एरर येत नाही. पुढे कधीतरी तुम्ही जुन्या पॅरेंटला ती काढायला सांगता तेव्हा २०२५ येतो. क्लिपलाच तिचा पॅरेंट विचारून त्याच्याकडून काढून घेणं सुरक्षित, पण दोनदा काढली जात नाहीये ना, हेही बघा, कारण दुसऱ्या वेळी पॅरेंटच नल असतो.

२००७ म्हणजे ॲडचाइल्डला नल दिलं. ‘न्यू’ लिहायचं राहिलेलं असतं.

२००६ म्हणजे क्रमांक मर्यादेबाहेर. तो बहुतेकदा सगळे चाइल्ड काढणाऱ्या लूपमधून येतो. शून्यापासून वर मोजत काढायला गेलात की पहिलं काढल्याबरोबर बाकीच्यांचे क्रमांक एकाने खाली सरकतात. एक सोडून एक ऑब्जेक्ट मागे राहतं आणि शेवटी लूप रिकाम्या जागेवर पोचतो. शेवटच्या क्रमांकापासून उलट मोजा, किंवा ‘नमचिल्ड्रन’ शून्याहून जास्त आहे तोवर शून्य क्रमांकाचं काढत राहा. फ्लॅश प्लेयर ११ पासून एका ओळीत सगळे काढणारं ‘रिमूव्हचिल्ड्रन’ही आहे.

पायरी ६ : प्रकार न जुळण्याचे एरर

१०३४ म्हणजे एका प्रकारच्या ऑब्जेक्टला दुसऱ्या प्रकारचं समजलात. क्लिकच्या लिसनरमध्ये ‘इव्हेंट’चा ‘टार्गेट’ मूव्हीक्लिप म्हणून वापरला की हा येतो, कारण क्लिक प्रत्यक्षात आतल्या टेक्स्टफील्डवर झालेलं असतं. टार्गेट म्हणजे ज्यावर क्लिक झालं ते, ‘करंटटार्गेट’ म्हणजे ज्याला लिसनर लावलाय ते. तुम्हाला बहुतेक वेळा दुसरं हवं असतं.

१०६९ मध्ये नसलेली प्रॉपर्टी मागितलेली असते. आधी स्पेलिंग आणि लहानमोठी अक्षरं बघा. १०६३ मध्ये फंक्शनला दिलेल्या गोष्टींची संख्या जुळत नाही. लिसनर फंक्शनच्या कंसात इव्हेंट घ्यायला विसरलात की हाच.

पायरी ७ : बाहेरून येणारी चित्रं

२०४४ म्हणजे चित्र लोड झालं नाही आणि ती बातमी ऐकायला कोणी नव्हतं. २०३५ सांगतो की पत्त्यावर फाइल सापडली नाही. इथे ट्राय-कॅच लावून उपयोग नाही, कारण लोडिंगचं अपयश नंतर इव्हेंट म्हणून येतं, तोवर ट्राय-कॅच संपलेलं असतं. लोडरच्या ‘कंटेंटलोडरइन्फो’ला ‘आयओएरर’चा लिसनर लावा.

पत्ता का सापडत नाही? ब्राउझरमध्ये अर्धवट पत्ता एसडब्ल्यूएफच्या फोल्डरपासून नाही तर ती ज्या एचटीएमएल पानात बसवली आहे त्या पानापासून मोजला जातो. प्रोजेक्टरमध्ये पान नसल्याने एसडब्ल्यूएफपासूनच मोजला जातो. म्हणून घरी चालतं, साइटवर चालत नाही. पानातल्या ‘बेस’ या पॅरामीटरने मोजणीची सुरुवात बदलता येते. विंडोजवर चाललेलं लिनक्सच्या सर्व्हरवर अडलं तर फाइलीच्या नावातली लहानमोठी अक्षरं तपासा.

चित्र दिसतं पण त्याला हात लावला की २१२२ किंवा २१२३ येतो, तेव्हा प्रश्न परवानगीचा असतो. दुसऱ्या डोमेनवरचं चित्र दाखवायला परवानगी लागत नाही. त्याचे पिक्सेल वाचायला, म्हणजे बिटमॅपडेटामध्ये (पिक्सेल साठवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) ‘ड्रॉ’ करायला लागते. त्या सर्व्हरवर परवानगी देणारी क्रॉसडोमेनची एक्सएमएल फाइल हवी आणि लोड करताना ‘लोडरकॉन्टेक्स्ट’मध्ये ‘चेकपॉलिसीफाइल’ ट्रू हवं. सर्व्हर तुमचा नसेल तर चित्र आपल्या डोमेनवर आणून ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग, अर्थात हक्क असतील तर.

२०१५ म्हणजे बिटमॅपडेटा अवैध. एक तर त्यावर ‘डिस्पोज’ आधीच झालंय, किंवा रुंदी-उंचीपैकी एक शून्य आहे. मापावरही बंधन होतं: फ्लॅश प्लेयर ९ मध्ये बाजू २८८० पिक्सेलपर्यंत, १० मध्ये ८१९१ पर्यंत आणि एकूण पिक्सेल १,६७,७७,२१५ पर्यंत. चित्र पूर्ण लोड होण्याआधीच त्याची रुंदी विचारून बिटमॅपडेटा बनवला की शून्य मिळतं, म्हणजे हाही वेळेचाच प्रश्न.

पायरी ८ : एरर नाही, पण दिसतही नाही

‘ग्राफिक्स’ने काढलेलं चित्र नेहमी त्या स्प्राइटच्या चाइल्डच्या मागे जातं. पार्श्वभूमीची क्लिप चाइल्ड म्हणून आत असेल तर तुमच्या रेघा तिच्याखाली दबतात. वेगळा शेप करून तो वर घाला. ‘बिगिनफिल’ किंवा ‘लाइनस्टाइल’ न लावता काढलेला आकार अदृश्यच राहतो. रिकाम्या स्प्राइटला रुंदी देऊनही ती शून्यच राहते, आधी आत काहीतरी काढावं लागतं. ॲक्शनस्क्रिप्ट २ मधून आणलेल्या कोडमध्ये अल्फा ० ते १०० असे, ३ मध्ये तो ० ते १ आहे. हळूहळू पुसट व्हायला हवं ते चित्र शेवटच्या पावलापर्यंत ठळक राहिलं तर हे बघा.

पायरी ९ : पानातल्या जावास्क्रिप्टमधून ऑब्जेक्ट हलवताना

पानावरच्या बटणाने आतला आलेख बदलायचा असेल तर ‘एक्स्टर्नलइंटरफेस’ लागतो. जावास्क्रिप्ट म्हणाली की हे फंक्शनच नाही, तर बहुधा एसडब्ल्यूएफ लोड होऊन तिचा ‘ॲडकॉलबॅक’ चालण्याआधीच तुम्ही हाक मारली. पानाने अंदाजाने काही सेकंद थांबण्यापेक्षा एसडब्ल्यूएफने ॲडकॉलबॅकनंतर पानाचं एक फंक्शन बोलावून ‘मी तयार आहे’ कळवावं, आणि पानाने बटणं तेव्हाच चालू करावीत. २०६०, म्हणजे सुरक्षेच्या कारणाने नकार, आला तर पानातलं ‘अलाउस्क्रिप्टॲक्सेस’ बघा. ते काहीच दिलं नसेल तर ‘सेमडोमेन’ धरलं जातं, म्हणजे पान आणि एसडब्ल्यूएफ एकाच डोमेनवर हवेत. सरसकट ‘ऑलवेज’ करण्याऐवजी फाइल आपल्या डोमेनवर आणा.

सोर्स हरवला असेल तर

जुन्या फाइलींबाबत हे फार वेळा होतं. जेपीईएक्समध्ये एसडब्ल्यूएफ उघडून एररमधल्या फंक्शनचं नाव शोधा, म्हणजे डीकंपाइल झालेला कोड समोर येतो. त्यात ॲक्शनस्क्रिप्ट ३ थेट बदलण्याची सोयही आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवा, एका वेळी एकच ओळ बदला, सेव्ह करा आणि प्रोजेक्टरमध्ये चालवा. कीफ्रेमवरचं राहिलेलं नाव, चुकलेला पत्ता, स्टॉपची जागा अशा दुरुस्त्या एवढ्यावर होतात. लिसनरची सगळी रचनाच बदलायची असेल तर चित्रं आणि आवाज जेपीईएक्सने बाहेर काढून घ्या आणि ते पान कॅनव्हास किंवा एसव्हीजीवर नव्याने बांधा.